तरंगत्या मत्स्यखाद्याचा दाणा: आत हवा किती, अंगात ताकद किती

खाद्याची गोण विकत घेताना सांगोल्यापासून करमाळ्यापर्यंत पहिला प्रश्न ठरलेला असतो: प्रोटीन किती टक्के, २८ का ३२? प्रश्न रास्त आहे, पण त्याने निम्मेच कळते. दाणा पाण्यावर किती वेळ राहील, वाहतुकीत किती चुरेल, पाण्यात पडल्यावर किती वेळ अखंड राहील, हे गोणीवर छापलेले नसते. कागदावर प्रोटीन कितीही असो, दाणा माशाच्या तोंडात जाण्याआधीच बुडाला किंवा भुगा होऊन पाण्यात मिसळला, तर ते महागाचे खाद्य तळ्यातले शेवाळ खाते.

सोलापूर जिल्ह्यात हा मुद्दा जास्तच बोचतो. इथे डाळिंब-द्राक्षाच्या शेततळ्यांत मासे सोडले जातात आणि या तळ्यांना प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो. मातीच्या तळ्यात बुडालेले खाद्य गाळात पडते, तळाला चरणारे मासे त्यातले थोडेफार हुडकून खातात. कागदावर पडलेले खाद्य मात्र उतारावरून घसरत सर्वांत खोल कोपऱ्यात साचते, तिथेच कुजते आणि पाण्यातला प्राणवायू ओढून घेते. शिवाय तेच पाणी पुढे ड्रिपला जाते, म्हणजे फिल्टर तुंबण्याचा त्रास वेगळाच. दाण्याचे भौतिक गुण, म्हणजे घनता, फुगवटा, कडकपणा, टिकाऊपणा आणि पाण्यातली पकड, हे सगळे घरच्या घरी तपासता येतात. त्यासाठी लागणारे बरेचसे सामान बहुतेकांच्या स्वयंपाकघरात असतेच.

लाही आणि शेव

ज्वारीची लाही कशी फुटते ते डोळ्यांपुढे आणा. दाण्याच्या आत थोडा ओलावा असतो. तापलेल्या कढईत त्याची वाफ व्हायला बघते, पण कडक सालीमुळे तिला बाहेर पडता येत नाही. आतला दाब वाढत जातो, साल फाटते, दाब क्षणात उतरतो आणि मऊ झालेले स्टार्च वाफेबरोबर फुलून तसेच थिजते. आता सोऱ्यातून शेव पाडणे आठवा. मळलेले पीठ दाबाने जाळीच्या भोकांतून बाहेर येते. तरंगता दाणा तयार करणारा एक्स्ट्रूडर ही दोन्ही कामे एकाच नळीत करतो.

बारीक दळलेले मिश्रण आधी कंडिशनरमध्ये जाते. तिथे वाफ आणि पाणी मिळून ते ८० ते ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि ओलावा २५ टक्क्यांच्या आसपास येतो. पुढे नळीतला स्क्रू त्याला रेटत, घासत, मळत नेतो. इथे तापमान ११० ते १५० अंश आणि दाब वातावरणाच्या २० ते ४० पट असतो. पाणी १०० अंशांना उकळते हे खरे, पण एवढ्या दाबाखाली ते १३० अंशांनाही पाणीच राहते. नळीच्या टोकाला असलेल्या भोकांच्या तबकडीतून, म्हणजे डायच्या भोकातून, पीठ बाहेर पडले की दाब एकदम उतरतो. अडकलेल्या पाण्याची तत्क्षणी वाफ होते, पीठ फुगते, बाहेर फिरणारे सुरे त्याचे तुकडे करतात. वाफ निघून जाते आणि तिच्या जागी हजारो बारीक पोकळ्या राहतात. पोकळ्यांच्या भिंती शिजलेल्या स्टार्चच्या असतात. गार होताना त्या ताठ होतात. नंतर दाणा वाळवून ओलावा ८ ते १० टक्क्यांवर आणायचा, बाहेरून तेल लावायचे, गार करायचे, चाळायचे आणि मग गोणी भरायच्या.

साध्या पेलेट मशीनमध्ये पीठ फक्त दाबून भोकातून काढले जाते. त्यात ना एवढे पाणी, ना एवढी उष्णता. फुगवटा येत नाही, दाणा भरीव राहतो आणि बुडतो. त्या मशीनचे खाद्य वाईट असते असे अजिबात नाही, पण ते तरंगणार नाही आणि कितीही गूळपाणी मिसळले तरी तरंगायला लागणार नाही.

हवेचा हिशेब

खाद्यातले घन पदार्थ, म्हणजे पेंड, पीठ, मासळीची भुकटी, पाण्यापेक्षा जड असतात. त्यांची घनता साधारण १.४ धरा, म्हणजे १०० मिली भरीव ऐवजाचे वजन १४० ग्रॅम. पाणी १०० मिलीला १०० ग्रॅम. दाणा तरंगायचा तर त्याच्या १०० मिली आकारात घन ऐवज ७१ मिलीपेक्षा कमी हवा आणि उरलेली निदान २९ मिली जागा हवेने भरलेली हवी. हा झाला काठावरचा दाणा. चांगल्या दाण्याची घनता ०.८५ च्या आसपास असते, म्हणजे त्यात जवळजवळ ३९ टक्के हवा असते.

आता हाच दाणा पाण्यात टाका. १०० मिली दाण्यांचे वजन ८५ ग्रॅम. पोकळ्यांत १५ ग्रॅमपेक्षा जास्त पाणी शिरले की, फुगणे बाजूला ठेवले तर, दाणे बुडायला लागतात. आत ३९ मिली हवा असली तरी ती सगळी जावी लागत नाही. त्यातली १५ मिली गेली की पुरे. घनता ०.९५ असेल तर ५ ग्रॅम पाण्यातच खेळ संपतो. दोन्ही दाणे टाकल्या टाकल्या सारखेच तरंगताना दिसतात. फरक कळतो तो १५-२० मिनिटांनी. त्यामुळे विक्रेत्याने पेल्यात चार दाणे टाकून दाखवले तर त्यावरून काही ठरवू नका.

पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत की सुट्या, यावरही बरेच अवलंबून असते. सुट्या, बारीक, सारख्या पोकळ्यांत पाणी एका खोलीतून दुसरीत भिंत भिजवत भिजवत जाते. मोठ्या, फाटलेल्या पोकळ्यांच्या दाण्यात ते पळत शिरते. दाणा धारदार ब्लेडने आडवा कापा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठा करून बघा. चांगल्या दाण्यात सगळीकडे पावाच्या कापासारखी बारीक सारखी जाळी दिसते. वाईट दाण्यात मध्ये एक मोठे भोक आणि कडेला चिकट भरीव कवच दिसते, किंवा बाजूला भेग जाताना दिसते.

पाणी गोडे की खारे यानेही फरक पडतो. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५ असते, त्यामुळे तिथे जरा जड दाणाही तरतो. आपल्याकडे उजनीचे काय, विहिरीचे काय, पाणी गोडेच. बोअरचे पाणी चवीला मचूळ असले तरी घनतेत नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. पाणी २० अंशांवरून ३० अंशांवर गेले तरी घनता जेमतेम पाव टक्क्याने उतरते. पण कोमट पाणी दाण्यात लवकर शिरते, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी तळ्याचा वरचा थर चांगलाच तापतो. डिसेंबरात तासभर तरलेली तीच गोण मे महिन्यात लवकर बुडते, ती यामुळे.

लिटरचे माप आणि राजगिरा

कारखान्यात दर काही मिनिटांनी तपासली जाणारी गोष्ट म्हणजे बल्क डेन्सिटी, म्हणजे एक लिटर मापात किती ग्रॅम दाणे बसतात. किराणा दुकानातले एक लिटरचे माप आणि ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा एवढेच लागते. दाणे थोड्या उंचीवरून सैल सोडायचे, माप शिगेला भरायचे, हलवायचे नाही, ठोकायचे नाही, पट्टीने वरचा ढीग सपाट काढायचा आणि वजन करायचे. तीनदा करून सरासरी घ्या. गोड्या पाण्यात खात्रीने तरंगायला हे वजन ४४० ग्रॅमच्या आत हवे. ४८० ते ५२० च्या दरम्यानचे दाणे अधांतरी राहतात, काही वर, काही खाली. ६०० च्या पुढचे तळ गाठतात. पण ३५० च्या खाली गेलेला दाणा बघूनही खूश होऊ नका. तो चुरमुऱ्यासारखा फुललेला असतो आणि ट्रक रिकामा होईपर्यंत त्याचा निम्मा जीव गेलेला असतो.

एक पटकन होणारी खूण: लिटरला ४२० ग्रॅमचे खाद्य असेल तर २५ किलोची गोण जवळजवळ ६० लिटर जागा घेते. ५०० ग्रॅमचे असेल तर ५० लिटर. एकाच कंपनीची, एकाच आकाराची गोण या खेपेला बुटकी दिसली तर आधी लिटरचे माप काढा.

एका दाण्याची घनता काढायची तर पाण्याचा उपयोग नाही, कारण दाणा पाणी पितो. इथे राजगिरा कामाला येतो. लिटरच्या मापात राजगिरा काठोकाठ भरा, सपाट करा, परातीत ओता. मग २०० ग्रॅम दाणे आणि राजगिरा थराथराने मापात भरत जा, म्हणजे दाण्यांमधल्या फटी राजगिऱ्याने बुजतील. वर पुन्हा सपाट करा. परातीत जेवढा राजगिरा उरला तेवढी दाण्यांनी घेतलेली जागा. तो मिलीच्या खुणा असलेल्या नळकांड्यात मोजा. २३५ मिली उरला तर २०० भागिले २३५, म्हणजे ०.८५. राजगिऱ्याचा दाणा मिलिमीटरभराचा असल्याने तो ४ मिमीच्या खाद्याच्या फटींत नीट शिरतो. मोहरीचे बी त्याहून मोठे, उत्तर थोडे चुकते.

आकारासाठी व्हर्नियर, म्हणजे मिलिमीटरचे भाग मोजणारी सरकपट्टी, घ्या. २० दाण्यांचा व्यास मोजा. डायचे भोक ३ मिमी आणि दाणा ४ मिमी असेल तर फुगवट्याचे प्रमाण १.३३. सरासरीपेक्षा बघायचे ते दाण्यादाण्यातले अंतर: ४ मिमीच्या गोणीत ३.४ आणि ४.७ चे दाणे एकत्र निघत असतील तर यंत्रात ओलावा किंवा पिठाचा भरणा स्थिर नव्हता, आणि त्या गोणीत काही दाणे बुडणारच. १०० दाणे मोजून वजन केले तरी अंदाज येतो. ४ मिमी व्यासाचे, तेवढ्याच लांबीचे, ०.८५ घनतेचे १०० दाणे साधारण ४.३ ग्रॅम भरतात. ३ मिमीचे १.८ ग्रॅम.

तरंगण्याची चाचणी बादलीत करा आणि पाणी आपल्याच तळ्यातले घ्या. १०० दाणे टाका आणि प्रत्येक दाणा एकदा बोटाने पाण्याखाली दाबून सोडा. हे दाबणे महत्त्वाचे आहे. पाण्याच्या पृष्ठभागाला एक ताण असतो. सुई अलगद ठेवली तर तरते तसाच पाण्यापेक्षा किंचित जड दाणाही वर राहतो, आणि अंगाला तेल असेल तर हमखास राहतो. खरा तरंगणारा दाणा दाबल्यावर उसळी मारून वर येतो. मग २० मिनिटांनी आणि तासाने मोजा. २० मिनिटांनी ९५ पेक्षा कमी दाणे वर असतील तर खाद्य कमअस्सल समजा.

कडक भाकरी आणि टिकाऊपणा

कडकपणा आणि टिकाऊपणा यांची नेहमी गल्लत होते. सोलापूरची कडक भाकरी घ्या. ती नावाप्रमाणे कडक आहे, पण ती प्रवासात टिकवायची तर डब्यात जपून भरावी लागते, नाहीतर पोहोचेपर्यंत तिचे तुकडे होतात. उलट शेंगदाण्याचा लाडू बोटाने दाबला तर दबतो, पण डब्यात खडखडला तरी सहसा फुटत नाही. कडकपणा म्हणजे एक दाणा चिरडायला किती जोर लागतो. टिकाऊपणा म्हणजे हजारो दाणे एकमेकांवर आपटून, घासून शेवटी किती अखंड उरतात. खाद्याला मुख्य गरज दुसऱ्याची आहे.

आणि इथेच तरंगत्या दाण्याची खरी ओढाताण आहे. दाण्याला वर ठेवणारी हवाच त्याला कमजोर करते. हवा वाढवली की भिंती पातळ होतात. भिंती जाड केल्या की दाणा जड होतो. चांगला कारखाना या दोन्हींच्या मधली अरुंद वाट पकडून चालतो.

प्रयोगशाळेत टिकाऊपणा मोजताना चाळलेले ५०० ग्रॅम दाणे एका चौकोनी पेटीत घालतात. पेटीच्या आत एक आडवी पट्टी असते, तिच्यावर दाणे आपटतात. मिनिटाला ५० फेऱ्यांनी १० मिनिटे, म्हणजे ५०० फेऱ्या. मग दाण्याच्या व्यासापेक्षा थोड्या लहान भोकांच्या चाळणीने चाळून वर उरलेले वजन करतात. ४८५ ग्रॅम उरले तर निर्देशांक ९७. तरंगत्या खाद्याला ९७-९८ च्या खाली जाऊ नये असे आमचे मत आहे. घरी याची नक्कल करायची तर १५ किलोचा तेलाचा रिकामा चौकोनी डबा धुऊन, खडखडीत वाळवून घ्या. त्यात चाळलेले ५०० ग्रॅम दाणे घाला, तोंड घट्ट बंद करा आणि डबा उभा-आडवा १०० वेळा उलटापालटा करा. हा आकडा प्रयोगशाळेशी जुळवायचा नाही. दोन कंपन्यांची किंवा दोन खेपांची तुलना करायला मात्र तो बिनचूक कामाचा आहे, फक्त दर वेळी डबा तोच आणि फेऱ्या तेवढ्याच ठेवा.

गोण दारात उतरली की एक पूर्ण गोण पिठाच्या चाळणीने चाळा आणि खाली पडलेला भुगा तोला. २५ किलोत २५० ग्रॅम म्हणजे १ टक्का; इथपर्यंत ठीक. ५०० ग्रॅमच्या पुढे गेला तर तक्रार करा. हा आकडा किरकोळ वाटतो, पण ५ टक्के भुग्याच्या १०० गोण्या घेतल्या तर १२५ किलो, म्हणजे पाच गोण्या खाद्य पाण्यात खत म्हणून जाते. त्याहून वाईट म्हणजे भुगा प्राणवायू खातो आणि पाणी हिरवेगार करतो. मग पहाटे मासे वर तोंड काढतात आणि दोष हवामानाला दिला जातो.

सगळा भुगा कारखान्यातच होतो असेही नाही. हमालीचा आकडा गोणीत खुपसला, गोणी ट्रकवरून आपटत टाकल्या, थप्पीवर चढून माणसे चालली की चांगल्या दाण्याचाही चुरा होतो. सिमेंटच्या पोत्यासारखी ही गोण हाताळता येत नाही, हे उतरवणाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे.

पाण्यातली पकड

चहाच्या गाळणीत १० ग्रॅम दाणे घ्या, गाळणी ३० मिनिटे पाण्यात बुडवून ठेवा, उचलून निथळा आणि १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. कोरड्या ऐवजापैकी किती शिल्लक राहिला तो टक्का म्हणजे पाण्यातली पकड. सुरुवातीचा ओलावा वजा करायला विसरू नका: १० टक्के ओलाव्याच्या १० ग्रॅम दाण्यांत कोरडा ऐवज ९ ग्रॅमच असतो. ८.१ ग्रॅम उरला तर पकड ९० टक्के.

ओव्हन नसेल तर काचेच्या पेल्यात दहा दाणे तासभर ठेवा. पाणी फिकट चहासारखे झाले आणि दाणा बोटांत स्पंजासारखा दबून आकार धरून राहिला तर उत्तम. पाणी गढूळ, तळाला गाळ आणि दाण्याची लापशी, हे स्टार्च कच्चे राहिल्याचे लक्षण. उलट तासाभराने दाण्याचा गाभा कोरडा आणि दगडासारखा निघाला तर तो दाणा माशाच्या पोटातही उशिरा भिजणार.

‘आमचे खाद्य २४ तास तरंगते’ अशी जाहिरात कुणी केली तर ती गुणवत्ता मानू नये. भुकेले मासे १०-१५ मिनिटांत खाद्य संपवतात. अर्ध्या तासात न संपलेले खाद्य जास्त झालेले असते, ते जाळीने काढून टाकायचे असते. तासभर तरंगणे आणि तासभर अखंड राहणे एवढे भरपूर झाले. त्याहून टिकणारा दाणा बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त शिजवलेला असतो. अतिउष्णतेत लायसिनसारख्या अमिनो आम्लांचे नुकसान होते आणि दाण्याला करपट, काळपट रंग येतो.

बिघडते कुठे

स्वतः खाद्य तयार करू पाहणाऱ्या बचत गटांसाठी आणि तरुणांसाठी हा भाग महत्त्वाचा. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत छोट्या खाद्य गिरण्यांनाही अनुदान ठेवण्यात आले, त्यामुळे विचारणा वाढली आहे. यंत्र घेणे सोपे, दाणा तरंगवणे अवघड.

पहिली चूक सूत्रात, म्हणजे कोणता माल किती घ्यायचा यात, होते. फुगवटा स्टार्चमुळे येतो, प्रोटीनमुळे नाही. तरंगत्या दाण्यात निदान २० टक्के स्टार्च हवे. १०० किलो मिश्रणात २० किलो मका घेतला तर त्यातून सुमारे १३ किलो स्टार्च मिळते; सोबत १२ किलो मैदा घेतला तर आणखी ८ किलो. झाले २१. मक्याऐवजी तांदळाची कणी चालते. ज्वारीतही स्टार्च भरपूर असते, पण ते मक्यापेक्षा थोड्या जास्त उष्णतेला शिजते, म्हणून कंडिशनरमध्ये वेळ वाढवावा लागतो. प्रोटीन वाढवण्याच्या नादात सोयाबीन डीओसी (तेल काढून उरलेली पेंड) आणि मासळीची भुकटी वाढवून मका १० किलोवर आणला की दाणे खाली जातात आणि दोष यंत्राला मिळतो.

दुसरी चूक तेलाची. पिठात ७-८ टक्क्यांच्या वर तेल असले की नळीत घसरण होते, घर्षण कमी होते, दाब बनत नाही. घाणीच्या शेंगदाणा पेंडीत तेल राहिलेले असते, ते लोक हिशेबात धरतच नाहीत. जास्तीचे तेल वाळवून झालेल्या दाण्यावर बाहेरून लावायचे असते.

तिसरी चूक तंतूची. आपल्याकडे करडईची पेंड मिळते, पण टरफलासकट गाळलेल्या पेंडीत तंतू फार. हे टरफलाचे तुकडे फुगणाऱ्या पोकळ्यांच्या भिंतींना टाचणीसारखे टोचतात. वाफ निसटते, भिंत फाटते, दाणा जड आणि खरखरीत होतो. भरड दळलेल्या कोणत्याही मालाने हेच होते. सर्वांत मोठा कण डायच्या भोकाच्या एक तृतीयांशापेक्षा मोठा नको: भोक ३ मिमी तर कण १ मिमीच्या आत. गिरणीची जाळी फाटलेली असेल तर आधी ती बदला, मग बाकीच्या गोष्टी बघा.

यंत्रातले बिघाड दाणाच बोलून दाखवतो. एका बाजूला पाचरीसारखा तिरपा कापलेला दाणा म्हणजे सुरे बोथट किंवा डायपासून दूर. दाण्याला शेपटी म्हणजे तेच, किंवा पीठ फार ओले. वाळल्यावर मनुक्यासारखा आक्रसलेला दाणा म्हणजे ओलावा जास्त होता. फुगला खरा, पण भिंती ताठ होण्याआधी खचल्या. पृष्ठभाग फाटलेला, चरे पडलेला दाणा म्हणजे पीठ कोरडे आणि उष्णता जास्त. पूर्वी तरंगणारे सूत्र हळूहळू बुडायला लागले, बाकी काही बदलले नाही, तर स्क्रू आणि नळी झिजली आहे. पीठ पुढे जाण्याऐवजी मागे सरकते आणि वाफ भरणाकडच्या तोंडातून निघते. यंत्र सुरू केल्यावरचा पहिला माल नेहमीच सदोष असतो. तो वेगळा ठेवून, वाळवून, दळून पुढच्या खेपेत थोडा थोडा मिसळावा. एकाच गोणीत वर आणि खाली जाणारे दाणे एकत्र सापडतात, त्याचे कारण बऱ्याचदा हा माल तसाच भरला गेलेला असतो.

वाळवणीत घाई नको. डायमधून निघालेल्या दाण्यात २० ते २५ टक्के ओलावा असतो. एकदम कडक हवा दिली तर बाहेरचे कवच आधी वाळून आवळते, गाभा ओला राहतो आणि दोन दिवसांनी गोणीत भेगा आणि बुरशी दोन्ही दिसतात. ओलावा १० टक्क्यांच्या आत हवा. १२ च्या वर बुरशीला निमंत्रण. शेंगदाणा पेंड असलेल्या खाद्यात अफ्लाटॉक्सिनची, म्हणजे बुरशीच्या विषाची, भीती जास्त, म्हणून तिथे तडजोड नको. फार वाळवून ६ टक्क्यांच्या खाली नेला तर दाणा ठिसूळ होतो.

कोणत्या माशाला काय

कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगल आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) तळाशी. चिलापी (तिलापिया) आणि पंगस तरंगत्या खाद्यावर झडप घालतात, त्यांना हे खाद्य सर्वांत फायद्याचे. रोहू आठवडाभरात वर यायला शिकतो, मृगल उशिरा शिकतो. कार्पच्या, म्हणजे कटला-रोहू-मृगल वर्गातल्या माशांच्या, मिश्र संगोपनात थोडा वाटा बुडणाऱ्या खाद्याचा ठेवलेला बरा, तोही ताटलीत किंवा भोके पाडलेल्या पिशवीत, म्हणजे उरलेले दिसते.

दाण्याचा व्यास माशाच्या उघड्या तोंडाच्या पाव ते अर्ध्या इतका असावा. ढोबळ मानाने ५ ग्रॅमपर्यंतच्या बोटुकलीला (बोटाएवढ्या पिलाला) १ मिमी, ५ ते २० ग्रॅमला दीड ते २ मिमी, ५० ग्रॅमच्या पुढे ३ मिमी, २०० ग्रॅमच्या पुढे ४ मिमी. मोठा दाणा मासा तोंडात घेतो, थुंकतो, पुन्हा घेतो, आणि दर वेळी त्यातले थोडे पाण्यात विरघळते.

गोदाम आणि तळ्याचा काठ

एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या शेडमध्ये खाद्य ठेवणे म्हणजे ते मंद आचेवर ठेवणे. तेल खवट होते, जीवनसत्त्व क उडते. रात्री पत्रा गार झाला की आतल्या दमट हवेचे थेंब पत्र्यावरून वरच्या गोणीवर पडतात. पावसाळ्यात वरच्याच गोणीला बुरशी लागते ती त्यामुळे. छताला आतून गवताची किंवा थर्माकोलची झाप द्या, गोणी लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून फूटभर दूर ठेवा. थप्पी आठ-दहा गोण्यांच्या वर नको, कारण खालच्या दाण्यांच्या पोकळ्या दबून फुटतात. तळातली गोण शेवटी उघडली आणि दाणे बुडाले, तर आधी तिच्यावर किती वजन होते ते आठवा.

दुपारनंतर वारा सुटला की तरंगता दाणा काठाला लागतो. तापलेल्या काळ्या कागदावर तो चढून बसतो, वाळतो, चिकटतो आणि मासे खाली घिरट्या घालत राहतात. पीव्हीसी पाइपची १० बाय १० फुटांची चौकट, टोके चिकटवून हवाबंद केलेली, मध्ये दोरीने बांधून ठेवली आणि खाद्य तिच्या आत टाकले की हा प्रश्न मिटतो. खाद्य टाकताना एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) बंद ठेवा, नाहीतर त्याची लाट दाणे चौकटीबाहेर फेकते. मासे खाऊन झाले की लगेच सुरू करा. सरासरी २०० ग्रॅमचे १००० मासे म्हणजे २०० किलो वजन. त्याच्या २ टक्के धरले तर दिवसाला ४ किलो, दोन वेळा विभागून. पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो, म्हणून पहिला घास ऊन वर आल्यावर, नऊच्या सुमाराला द्या.

प्रत्येक खेपेतले अर्धा किलो दाणे झाकणाच्या बरणीत भरून, गोणीवरचा बॅच नंबर, तारीख, लिटरचे वजन आणि २० मिनिटांनी तरंगलेल्या दाण्यांचा आकडा चिठ्ठीवर लिहून, त्या खेपेचे मासे विकेपर्यंत सावलीत ठेवा. कार्पच्या खाद्याला आयएस १६१५० हे भारतीय मानक आहे. गोणीवर त्याचा उल्लेख आहे का तेही त्याच चिठ्ठीवर टिपा. खाद्यात खोट निघाली तर विक्रेत्यापुढे ही बरणी आणि ही चिठ्ठी ठेवा.